शेंगेतली धूळ

वडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराची माडी. इथे काकू बाटल्यांत बियांपासून ऑर्किड वाढवतात. या फडताळात पूर्वी लोणच्याच्या बरण्या असायच्या, आता या बाटल्या आहेत. जरा जवळून बघा, आत ते मोहरीएवढं हिरवं जे दिसतंय ना, ते ऑर्किड आहे.

आणि ही त्याची शेंग. वँडा टेसेलाटा, वडोद्याच्या आसपास आंब्यांवर वाढणारं आपलं ऑर्किड. लोक बांडगूळ समजून खरवडून टाकतात हो, पण ते झाडाचं काहीच खात नाही, नुसतं फांदीला धरून राहतं.

आता काकूंचे हात बघा. शेंग स्पिरिटमध्ये बुडवली, दिव्यावर धरली, भप्पकन पेटली, विझली. परत एकदा. बाहेरचे जंतू गेले, आतलं बी तसंच शाबूत. मग ब्लेडने उभी चीर, आणि ही पिवळट धूळ, हे सगळं बी आहे! एका शेंगेत हजारोंनी असतं पण हरभऱ्याला कशा दोन डाळी असतात अन्न साठवलेल्या, तसं याच्यात काहीच नाही. रानात एक बुरशी बियात शिरते आणि त्याला पोसते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९९ मध्ये उमगलं. मग १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नड्सननी बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर बी रुजवून दाखवलं.

काकूंचं अगार म्हणजे आपलं चायना ग्रास. त्यात साखर, क्षार, थोडं नारळपाणी. बाटल्या कुकरमध्ये, १५ पौंड दाब, १२१ डिग्री, २० मिनिटं. बी टाकताना तोंडाला मास्क, पंखा बंद, माडीवर कोणी बोलायचं नाही. तरी ही बघा, आत कापूस पसरल्यासारखी पांढरी बुरशी, ही बाटली गेली.

बी आधी फुगतं, हिरवा गोळा होतो, त्याला प्रोटोकॉर्म म्हणतात, मग एक टोक, एक पान, मग मूळ. मधे दोनदा बाटली बदलायची, हा काळा थर दिसतोय तो कोळशाचा.

बाहेर काढल्यावर बरीच रोपं जातात, वडोद्याचा उन्हाळा सोपा नाही.

ही टिकलेली. कोमट पाण्यात मुळांचं अगार धुतलं, कोळसा-विटांच्या तुकड्यांत वाढवली आणि आज पहिल्या पावसानंतर पादरा गावाच्या रस्त्यावरच्या या आंब्यावर काकू ती बांधताहेत. दोरा सुती आहे, पावसात कुजून जाईल, तोवर मुळं सालीला चिकटतात.