पदनाम शेवटी लिहा
(वागळे इस्टेट, ठाणे येथे आयटीआयच्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बायोडेटात आपलं काम कसं मांडायचं, हे आज बोलायचंय. समोर बरीच टर्नर-फिटरची मुलं दिसतायत, म्हणून आधी 'जॉब'चा किस्सा. आपल्या मशिनशॉपमध्ये जॉब म्हणजे नोकरी नव्हे. लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पकडीत आवळलेला, टूल लागलं की गरम चिप्स उडवणारा लोखंडाचा तुकडा म्हणजे जॉब. असाच एक मुलगा मुलाखतीला गेला. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, आतापर्यंत किती जॉब केलेत? हा म्हणाला, "शिफ्टला चाळीस, सर. रिजेक्शन एखाद-दुसरं." साहेब गार!

मुलगा खोटं बोलला नव्हता. पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्याचाच अर्थ तिथे चालतो.

हसू नका, मी स्वतः याहून मोठा फटका खाल्लाय. अकरा वर्षं सेंटर लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कातायचं यंत्र, चालवला आणि नोकरी सोडताना सर्टिफिकेटवर एकच शब्द मिळाला, 'हेल्पर'. भरतीच्या वेळी कार्डावर पडला होता, तो कुणी बदललाच नाही. मीही वाचून खिशात घातला. पुढच्या कारखान्यात हेल्परच्याच पगारावर घेतलं, आणि मला ड्रॉइंग वाचता येतं हे त्यांना पटायला आठ महिने गेले.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'वर्कमन' होता, २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत 'वर्कर' आला. 'मॅन' गेला ते बरंच झालं, रबाळ्याच्या पॅकिंग लाइनवर बायका काय कमी आहेत? पण मुद्दा वेगळाच आहे. तुमच्या कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' छापलेलं असो की आणखी काही, कोर्ट विचारतं, हा माणूस मुख्यतः काम काय करतो? दिवसभर चलनं टाइप करणारा एक्झिक्युटिव्ह नुसत्या नावामुळे मॅनेजर होत नाही. आणि 'पार्टनर' या शब्दापासून जरा जपून. जेवणाचा डबा पोचवणारा पोरगा पार्टनर, पण नफ्यात वाटा कुठाय? २०२०च्याच सामाजिक सुरक्षा संहितेनं अशांना 'गिग वर्कर' म्हटलंय, म्हणजे मालक-कामगार या नेहमीच्या नात्याबाहेर राहून कमावणारा.

आता खाडीपलीकडे वाशीच्या मार्केटमध्ये चला. पाठीवर गोणी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाला इंग्रजीत काय म्हणाल? 'कुली' म्हणालात तर तो गोणी तुमच्याच पायावर ठेवेल, आणि मी त्याची बाजू घेईन. 'पोर्टर' म्हटलं की स्टेशन आठवतं. १९६९चा महाराष्ट्राचा कायदा इंग्रजीत काढा, तिथे 'माथाडी' आणि 'हमाल' हे आपलेच शब्द शीर्षकात आहेत. भाषांतर करत बसलेच नाहीत. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत मात्र कामं मोजून दिलीत : लोडिंग, अनलोडिंग, स्टॅकिंग, कॅरिंग, वेइंग, मेजरिंग. म्हणजे चढवणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहणं, तोलणं, मापणं. सगळी क्रियापदं! बायोडेटा असाच लिहायचा असतो : आधी केलेली कामं, पदनाम शेवटी.

गेल्या वर्षी दिघ्याचा एक मुलगा कागद घेऊन आला. त्यावर ओळ होती, 'वर्क्ड अ‍ॅज हेल्पर इन प्रॉडक्शन'. मी विचारलं, काल सकाळी आठपासून हातानं काय काय केलंस, मराठीतच सांग. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. ओळ झाली, 'सेट अँड ऑपरेटेड अ सेंटर लेथ. चेक्ड डायमेन्शन्स विथ व्हर्नियर अँड मायक्रोमीटर'. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

आधीच्या मुलाखतीत त्याला म्हणे विचारलं होतं, झाडलोट करशील का? या वेळी विचारलं, मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यानं मोजता येणारं सर्वांत लहान माप, किती?

"पॉइंट झीरो वन एमएम, सर."