आतल्या टायरची हवा

नमस्कार मंडळी. गुळाचा आणि उसाचा हंगाम सुरू झालाय, रस्त्यावर भरलेल्या गाड्यांची रांग लागलीय, म्हणून आज विषय हवेचा. हवा बघायची ती टायर गार असताना, गाडी हलायच्या आधी. परत सांगतो, गार असताना. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढतो, गेजवर दहा-पंधरा पौंड जास्त दिसतात. ते बघून हवा सोडली, की टायर गार झाल्यावर ती कमीच भरणार. कमी हवेचा टायर चेपत, वाकत पळतो. त्यानंच तापतो आणि फुटतो.

शिरोलीजवळ एक पंक्चरवाले मामा होते. त्यांच्याकडं रात्री एक दहाटायरी आली, गूळ भरून गुजरातला निघालेली. मामांनी ड्रायव्हरला विचारलं, "हवा बघितली?"

"लोखंडी टॉमीनं ठोकलंय की मामा. समदे टण्ण वाजत्यात."

"परत ठोक. ढिला कुठला ते सांग. बरोबर निघालं तर मिसळ माझ्याकडनं."

मिसळ म्हणजे ब्रेडबरोबरची हं. कोल्हापुरात बसून पाव मागणाऱ्याशी मी भांडत नाही, नुसता बघत राहतो.

गडी कान लावून दहाही टायर ठोकत फिरला, मागनं क्लीनर बॅटरी धरून. "एकबी ढिला न्हाई!"

मामांनी गेज लावला. मागं शेजारी-शेजारी बसवलेल्या जोडीत बाहेरच्याला 110, आतल्याला 65! ट्रकचा टायर 65 वरही टॉमीखाली कडकच वाजतो. मामांनी आत हात घालून वालवर, म्हणजे हवा भरायच्या तोंडावर, थुंकी लावली, तर बारीक बुडबुडा. वालची टोपी कधीच पडलेली. ड्रायव्हर गप्प. क्लीनर म्हणाला, "मग मामा, मिसळ आता कुणाकडनं?"

तर जोडीतल्या दोन्ही टायरना हवा सारखी. आतला बसला, की त्याचं ओझं बाहेरच्यावर. आणि माल जास्त आहे म्हणून हवा वाढवली, तर टायरची ताकद वाढत नाही. चार टायरच्या एका एक्सलला कायद्यानं साडेअकरा टन. 2018 च्या आधी 10.2 होते. एकूण वजन काट्यावर बरोबर आलं तरी सगळा माल फाळक्याकडं, म्हणजे पार मागच्या टोकाला, रचू नका. पुढची चाकं हलकी होतात, आणि खंबाटकी घाटाच्या वळणावर स्टेअरिंग ऐकत नाही.