मिंधेपणाशिवायची मदत

मित्रहो, दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला स्वमदत गटाचा पत्ता मिळणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड जाते ते त्या खोलीत पाऊल टाकणे. घरच्यांकडून, साहेबांकडून, उधारी थकलेल्या दुकानदाराकडून ज्याने वर्षानुवर्षे ऐकून घेतलेले असते, त्याला वाटते की इथेही कोणी उपदेश करील आणि वर उपकाराचे ओझे ठेवील. या मिंधेपणाच्या भीतीबद्दलच मला प्रामुख्याने बोलायचे आहे, आणि त्यासाठी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘एए’ म्हणतो त्या मद्यपींच्या स्वमदत गटांच्या संघटनेचा आरंभ कसा झाला हे सांगणे भाग आहे.

मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर व्यवहारातला एक माणूस ओहायोतील अ‍ॅक्रन या गावी कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हाती घेतलेला व्यवहार फिसकटला आणि हॉटेलच्या दालनात उभा असताना त्याला तिथला बार खुणावू लागला. त्याने गावातल्या धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली, आणि विचारले ते एवढेच, की दारूच्या पायी जेरीस आलेला एखादा माणूस इथे मला भेटेल का? त्यातून भेट झाली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. डॉक्टरांनी पंधरा मिनिटे देऊ केली होती. बोलणे काही तास चालले, कारण समोरचा माणूस सल्ला देत नव्हता, स्वतःची हकिकत सांगत होता. डॉ. बॉब यांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की फोन करणारा माणूस मदत द्यायला निघालेला नव्हता. स्वतःला आवरण्यासाठी त्याला दुसऱ्या मद्यपीची गरज होती. आजही सभेत दहा वर्षे दारूपासून दूर असलेला सभासद नव्या माणसाला आपला फोन नंबर देतो, तेव्हा त्यात त्याचाही स्वार्थ असतो, आणि म्हणूनच तो नंबर रात्री अकरा वाजताही संकोच न करता फिरवावा.

मात्र त्याआधी एक इशारा द्यायला हवा. जो रोज, सकाळपासून पितो, त्याने आवेशाच्या भरात एकदम बाटली फेकून देऊ नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन माणूस नसलेल्या गोष्टी पाहू लागतो, आणि ही अवस्था जिवावर बेतू शकते. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा, मग सभा. पत्ताही पुष्कळदा तिथेच मिळतो, कारण एएचे सभासद रुग्णालयांत जाऊन माहिती देत असतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या, १९८६ पासून चाललेल्या केंद्रात उपचार घेतलेल्यांना पाठपुराव्याच्या बैठकांचा आधार असतो.

लहान गावात अडचण निराळी असते. सभा भरते त्या शाळेसमोरच मेहुण्याचे दुकान असते. अशा वेळी मी सरळ सांगतो, शेजारच्या तालुक्यातल्या सभेला जा. ओळखीचा कोणी तिथे भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

आत गेल्यावर काय होते? सूत्रसंचालन करणारा सभासद बारा पायऱ्या, म्हणजे दारूमुक्तीच्या वाटेवरची एएची बारा सूत्रे, वाचून घेतो आणि मग ज्याला बोलायचे आहे तो आपला अनुभव सांगतो. त्याला मध्येच कोणी तोडत नाही, कोणी सल्ला देत नाही. ‘आज मी फक्त ऐकतो’ एवढे म्हणून गप्प बसता येते. प्रवेश फी नाही; सभासद ऐच्छिक वर्गणी गोळा करतात आणि बाहेरची देणगी घेत नाहीत. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. खुल्या सभेला कोणीही येऊ शकतो, बंद सभा फक्त मद्यपींसाठी असते. आपल्याकडच्या बुद्धिवादी मंडळींना प्रार्थना आणि ईश्वराचा उल्लेख खटकतो. मलाही पूर्वी खटकत असे. पण ईश्वर ज्याला जसा उमगेल तसा, ही मुभा पायऱ्यांच्या शब्दांतच आहे, आणि गटालाच ती उच्च शक्ती मानणारे नास्तिक सभासदही असतात. पहिला गट रुचला नाही तर दोन-चार निरनिराळे गट पाहून मगच मत बनवावे, कारण गटागटांचा स्वभाव वेगळा असतो.

याचा उपयोग होतो का, हे विचारणे रास्तच आहे. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात १०,५६५ जणांचा समावेश होता. पूर्णतः दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस आढळले. पण कोणाची घसरण होणारच नाही, असा याचा अर्थ नव्हे. स्लिप झालेल्या, म्हणजे पुन्हा प्यायलेल्या, माणसाला गट काढून टाकत नाही. लाजेपायी तो स्वतःच यायचा थांबतो, आणि घात होतो तो तिथे.

शेवटी घरच्यांविषयी. नवऱ्याला सभेच्या दारापर्यंत ओढत नेण्यात पत्नीची शक्ती खर्ची पडते. तिच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हा स्वतंत्र गट १९५१ पासून आहे, मुक्तांगणचा ‘सहचरी’ गटही आहे, आणि तिथे जाण्यासाठी नवऱ्याने दारू सोडलेली असण्याची अट नाही.