छेद लहान की मोठा?

(पुण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, शोपेनहाउअर हे नाव पुण्याला नवं नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेलं ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये याच शहरातून बाहेर पडलं. त्यातल्या सुखदुःखविवेकाच्या प्रकरणात हे जर्मन तत्त्वज्ञ गृहस्थ भेटतात, तेही अपूर्णांक घेऊन. वर अंशाला भोगलेलं सुख, खाली छेदाला सुखाची इच्छा. अंश थोडा वाढला की छेद त्याहून जास्त वाढतो, मग अपूर्णांक पूर्ण व्हायचा कसा?

शोपेनहाउअरचा सगळा निराशावाद या छेदात आहे. इच्छा अडली की दुःख, पुरी झाली की कंटाळा. या दोहोंमध्ये माणूस लंबकासारखा हेलकावतो. ‘सुख पाहतां जवापाडें’ लहानपणापासून ऐकणाऱ्या आपल्याला याचा फारसा धक्का बसत नाही. आणि बसू तरी का? दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून झालेली लॅटिन उपनिषदं हा माणूस आयुष्यभर उशाशी बाळगून होता. त्याचा उपाय सरळ आहे: छेद कमी करत न्या, जमलं तर शून्यावर आणा. स्वतःला मात्र ते साधलं नाही. बर्लिनमध्ये त्याने आपली व्याख्यानं मुद्दाम हेगेल या तेव्हाच्या नामांकित तत्त्वज्ञाच्याच वेळेला लावली. श्रोते कोणाकडे गेले असतील ते सांगायला नको!

आता इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग. ‘देव स्वर्गात आहे, जगात सारं ठीक आहे’ ही त्याची ओळ सुटी काढून त्याला भाबडा ठरवण्याची पद्धत आहे, आणि तो त्याच्यावर अन्याय आहे. १८४१ च्या ‘पिपा पासेस’ या काव्यनाट्यात रेशमाच्या गिरणीतली एक पोर वर्षातल्या एकुलत्या एका सुट्टीला हे गाणं म्हणत चालली आहे. ज्या घराजवळून ती जाते, तिथे एका बाईच्या प्रियकराने तिच्या नवऱ्याचा नुकताच खून केलाय. ब्राउनिंगला हे जग दिसत होतं. ‘म्हातारपण माझ्यासोबत काढ, उत्तम ते अजून यायचंय’ असं म्हणणारी कविता १८६४ ची. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती.

तो शोपेनहाउअरचा हिशेब खोडत नाही. तो म्हणतो, छेद मोठाच हवा! ‘आंद्रेआ देल सार्तो’ या कवितेतला चित्रकार म्हणतो: हात पोचतो त्याच्या पलीकडे झेप हवी, नाहीतर स्वर्ग कशाला? बोलणारा हा चित्रकार हाताने निर्दोष, पण आपली झेप तोकडी पडली हे पुरतं ओळखून आहे. त्यामुळे ती ओळ फुशारकीची वाटत नाही, मला तरी ती हळहळच वाटते.

पण ब्राउनिंगची शिल्लक स्वर्गात वटते, हे विसरू नका. ज्याचा स्वर्गावर विश्वास नाही, त्याने एवढा मोठा छेद कोणाच्या भरवशावर ठेवायचा? इथे शोपेनहाउअर जास्त प्रामाणिक वाटतो. शिवाय दुसऱ्याचं दुःख आपलं वाटणं हाच नीतीचा पाया, हेही त्यानेच सांगितलं. करुणेला त्याच्या निराशावादात पक्की जागा आहे.

टिळकांना मात्र दोघंही पटले नसते. असंतोष हे वैभवाचं मूळ, हे महाभारतातलं वचन ते त्याच प्रकरणात देतात. ‘असंतोषाचे जनक’ म्हणवले गेलेले गृहस्थ दुसरं काय देणार! सोडायची ती फळाची आशा, काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे छेदातून फळाची आशा तेवढी वजा करायची आणि झेप तशीच ठेवायची. हे गणित कागदावर चोख बसतं. रोजच्या जगण्यात आशा आणि झेप अशा वेगळ्या काढता येतात का, याबद्दल मी साशंक आहे. तुमच्यापैकी कोणाला जमलं असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर बोला.