बांधावरचे घराणे : हेर्मान व्हीबे आणि त्यांचे पूर्वज

विस्तुला नदी बाल्टिक समुद्राला मिळते, तेथील हा पडद्यावर दिसणारा त्रिभुज प्रदेश आहे. नजर पोहोचेल तिथवर सपाट शेते, त्यांना कापत जाणारे सरळ चर आणि चरांच्या कडेने वाळुंजाच्या रांगा दिसतात. हे सगळे शिवार माणसाने पाण्याकडून मिळवलेले आहे. काही ठिकाणी जमीन समुद्रसपाटीहून जवळजवळ दोन मीटर खाली आहे, त्यामुळे येथे उपसा थांबला की पाणी आपल्या जागी परत येते. आज हा भाग पोलंडमध्ये आहे. 1879 मध्ये बर्लिनच्या नव्या तांत्रिक महाविद्यालयाचे पहिले रेक्टर, म्हणजे प्रमुख, झालेले प्राध्यापक हेर्मान व्हीबे यांच्या घराण्याची कथा या चरांपासून सांगायला हवी.

सोळाव्या शतकात नेदरलँड्समधून मेनोनाइट पंथाचे लोक येथे आले. फ्रीसलंडचे धर्मगुरू मेनो सिमॉन्स यांच्या नावावरून ओळखला जाणारा हा पंथ जाणत्या वयातच बाप्तिस्मा देतो, शपथ घेत नाही आणि शस्त्र उचलत नाही. मायदेशी छळ झाला, तेव्हा या लोकांनी सोबत आणलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पाणी हाताळण्याची विद्या होती. बांध घालणे, चर खोदणे, पवनचक्कीने पाणी उपसून नदीत टाकणे आणि बांधाची राखण गावाने वाटून घेणे ही कामे त्यांच्या मुलांना शाळेच्या आधी कळत असत. जमीनदारांना या कौशल्याची गरज होती, म्हणून त्यांना वस्तीला जागा मिळाली. डान्झिग (आजचे ग्दान्स्क) शहराने मात्र त्यांना दीर्घकाळ नागरिकत्व दिले नाही, आणि त्यांतील अनेकांनी वेशीबाहेर संसार थाटले.

आता पडद्यावर दिसणारे कोरीव चित्र काळजीपूर्वक पाहावे. ते 1644 मधील असून विलेम होंडियस या चित्रकाराने कोरलेले आहे. डावीकडे टेकडी, उजवीकडे डान्झिगचा नवा बुरुज, आणि दोहोंच्या मध्ये खांबांच्या ओळीवरून ताणलेला दोर आहे. त्या दोराला मातीने भरलेल्या टोपल्या लटकत आहेत. दोराची दोन्ही टोके जोडून त्याचे अखंड वेटोळे केलेले होते आणि घोडे ते फिरवत असत. आपल्याकडील रहाटगाडग्याची माळ जशी भरलेली वर येते आणि रिकामी खाली जाते, तशाच या टोपल्या टेकडीवरून भरून निघत, खंदकावरून तरंगत बुरुजावर रित्या होत आणि परत येत. गाड्या, बैल, पूल, चिखलातल्या वाटा यांपैकी कशाचीही गरज उरली नाही. अनेक खांबांवरून जाणारा जगातील पहिला रज्जुमार्ग म्हणून त्याची गणना होते. तो उभारणारे आडाम व्हीबे नेदरलँड्समधील हार्लिंगनहून 1616 मध्ये येथे आलेले मेनोनाइट होते. शस्त्र न उचलणाऱ्या पंथातील एका माणसाने शहराच्या रक्षणासाठी तट उंचावला, आणि ज्या शहराने त्याच्या पंथबांधवांना वेशीबाहेर ठेवले होते त्याच शहराने त्याचे नाव एका बुरुजाला दिले.

हेर्मान यांच्यापर्यंत येताना मधल्या सुमारे पावणेदोन शतकांकडे धावती नजर टाकावी लागते. 1772 मध्ये हा बहुतांश प्रदेश प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला. 1789 च्या राजाज्ञेने, लष्करी सेवा न करणाऱ्या मेनोनाइटांच्या जमीनखरेदीवर बंधने आणली. अनेक कुटुंबे युक्रेनच्या गवताळ प्रदेशाकडे निघाली, काही येथेच राहिली, आणि काही पुढे राज्याच्या सेवेत शिरून पंथापासून दूर झाली. मूळचे मेनोनाइट असलेले हेर्मान यांचे घराणे शासकीय अभियांत्रिकीकडे वळले.

हेर्मान यांचा जन्म 1818 मध्ये विस्तुलाकाठच्या टोर्न या गावी झाला. त्यांचा मूळ व्यवसाय गिरण्या बांधण्याचा होता. वाहते पाणी चाक फिरवते, चाकाची गती दात्यांमधून जात्यापर्यंत पोहोचते, आणि वाटेत प्रत्येक जोडावर बळ झिजते, हे सारे त्यांनी आधी हाताने जाणले आणि मग शिकवले. बर्लिनमध्ये प्राध्यापक झाल्यावर त्यांनी यंत्रांच्या साध्या घटकांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. खिळा, पट्टा, आस, दात्यांचे चाक अशा प्रत्येक भागाची मापे आणि बळ यांचा विचार त्यात आहे. 1858 पासून त्यांनी अभियंत्यांसाठी आराखड्यांचे एक चित्रसंग्रह-नियतकालिक चालवले. कोठेतरी प्रत्यक्ष उभे राहिलेले यंत्र कागदावर यावे आणि दुसऱ्या गावच्या तरुण अभियंत्याने ते पाहून पुढे न्यावे, असा त्यामागचा हेतू दिसतो. यंत्रशास्त्राच्या इतिहासात त्यांचे समकालीन, यंत्रांच्या गतीचा सिद्धान्त मांडणारे फ्रान्झ रूलो यांचे नाव मोठ्या अक्षरांत येते आणि ते योग्यच आहे. पण सिद्धान्त वर्गात पोहोचण्याआधी गिरणीतले ज्ञान वर्गात आणणारा शिक्षक लागतो, आणि व्हीबे यांचा मान आम्हाला तेथे दिसतो.

याच घराण्यातील एडुआर्ड व्हीबे हे हेर्मान यांच्याहून चौदा वर्षांनी मोठे होते. त्यांचा जन्म मारियनबुर्गजवळच्या श्टाले या गावचा, म्हणजे थेट या चरांच्या प्रदेशातला. 1860 मध्ये ते तरुण सहकारी जेम्स होब्रेख्ट यांच्यासह हॅम्बर्ग, पॅरिस आणि लंडनची गटारे पाहून आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी बर्लिनच्या सांडपाण्याचा आराखडा मांडला. स्प्री नदीच्या दोन्ही तीरांवरील मुख्य वाहिन्यांतून सांडपाणी गोळा करून शहराच्या खालच्या अंगाला पंपाने नदीत सोडावे, असा तो आराखडा होता. बर्लिनने पुढे होब्रेख्ट यांची, सांडपाणी शेतांकडे नेणारी योजना स्वीकारली. डान्झिगमध्ये मात्र एडुआर्ड यांच्या आराखड्यानुसार 1869 मध्ये भूमिगत गटारांचे काम सुरू झाले आणि 1871 मध्ये सांडपाणी वाफेच्या पंपांनी शहराबाहेरील हॉयबुडेच्या वालुकामय शेतांकडे जाऊ लागले. शहरातील विषमज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले.

1867 च्या कायद्याने मेनोनाइटांची लष्करी सेवेतून असलेली सूट संपवली, आणि 1945 मध्ये त्यांची चार शतकांची वस्ती या प्रदेशातून उठली. येथे दिसणाऱ्या दफनभूमीतील शिळांवर ती आडनावे अजून वाचता येतात.

1879 मध्ये बर्लिनची वास्तुविद्या-अकादमी आणि उद्योग-अकादमी एकत्र करून तांत्रिक महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा त्याची धुरा हेर्मान व्हीबे यांच्याकडे आली. वास्तुकाराची रेषा आणि यंत्रकाराचे माप हे दोन्ही जाणणारा शिक्षक त्या पदावर असणे उचित होते. 1881 मध्ये बर्लिनमध्येच त्यांचे निधन झाले. महाविद्यालयाची शार्लोटेनबुर्ग येथील नवी इमारत 1884 मध्ये पूर्ण झाली.