आधी ब्रेक, मग पायडल

निघण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. पुढचं चाक फिरता कामा नये; उलट मागचं चाक उचललं जायला हवं. आता मागचा ब्रेक दाबून ढकला. मागचं चाक न फिरता घासत यायला हवं. लिव्हर पार मुठीला टेकत असेल, तर वायर सैल झाली आहे.

ब्रेकच्या रबराकडे जरा जवळून पाहू. त्यावर खाचा दिसतात. त्या झिजून सपाट झाल्या, की रबर बदलायचं. रबर रिमवरच बसायला हवं. वर सरकलं तर टायर घासून कापला जातो आणि ट्यूब तिथेच फुटते. चेनला तेल घालताना रिमवर थेंब उडाला, तर नवा ब्रेकही लागत नाही.

‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी सायकल घेऊ नका. कपड्यांना हा हिशेब चालतो, सायकलला नाही. नवशिक्या मुलाला सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीवर टेकवता आले पाहिजेत आणि बोटं लिव्हरवर पूर्ण पोचली पाहिजेत.

पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर आपटतो, असं सांगून मुलांना फक्त मागचा ब्रेक शिकवतात. ही अर्धीच शिकवण. वेग कमी होताना भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं, म्हणून एकटा मागचा ब्रेक दाबला की ते घसरतं. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू जोर वाढवत दाबायचे आणि अंग थोडं मागे न्यायचं. वळणावर नाही, वळणाच्या आधी. रिम ओली असेल तर चाकाचे पहिले काही फेरे ब्रेक जवळजवळ लागतच नाही. ताशी 15 किलोमीटर वेगात सेकंदाला चार मीटरहून जास्त अंतर जातं. लक्षात येऊन बोटं आवळेपर्यंत तेवढं गेलेलंच असतं.

हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टा हनुवटीखाली घट्ट. जोराचा आपट बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, कारण आतला फोम एकदाच दबतो. दप्तर पाठीवर; हँडलला लटकवलेली पिशवी आऱ्यांत जाते.

रस्त्यावर वाहतुकीच्या दिशेनेच चालवा. उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहा, दार अचानक उघडतं. मागे वळून पाहताना खांदा फिरतो आणि हँडल त्याच्यामागे जातं. म्हणून मोकळ्या मैदानात खडूची रेघ आखून, रेघ न सोडता मागे पाहण्याचा सराव करा.

आणि वळणारा ट्रक पाहा. तोंड लांबून वळतं, पण मागची चाकं आतून, कडेला चिकटून येतात. सायकल नेमकी त्याच फटीत शिरते. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. मागेच थांबा, ट्रक पूर्ण वळू द्या.