बैलगाडीला शेळी: पॉइंट टू-टूचं किट की वेगळं पिस्तूल?

(इंदूरच्या राजेंद्र नगरात गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. गणपतीच्या मांडवात पिस्तुलावर व्याख्यान म्हटल्यावर आमच्या सौ.नी कपाळाला हात लावला. काल इथे भावगीतं झाली, उद्या पाककृती स्पर्धा आहे, आणि मधल्या दिवशी मी. पण कार्यकर्ते म्हणाले, काका, पॅरिस ऑलिंपिकमधल्या नेमबाजीच्या पदकांनंतर आपल्या कॉलनीतली बरीच पोरं रेंजवर जायला लागली आहेत. त्यांचे आईवडील तुम्हाला जिन्यात गाठून जे विचारतात, ते एकदाच माइकवर सांगून टाका. म्हणून उभा आहे.

आधी एक कबुली. मी नेमबाज नाही. फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं उघडणारा, पुसणारा, दुरुस्त करणारा. शेवटची वर्षं महूला गेली. २००३ साली गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं, पण जुनी जीभ महूच म्हणते, माफ करा. तिथेच आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. लंडनला २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारा विजय कुमार तिथलाच. तर माझी मतं नेमबाजाची नाहीत, तेलकट हातांची आहेत.

जिन्यातला प्रश्न असा असतो: ‘काका, मोठ्या बोरचं पिस्तूल आहे किंवा घ्यायचंय. त्यावर पॉइंट टू-टूचं कन्व्हर्जन किट बसवलं तर स्वस्तात सराव होईल का? की सरळ पॉइंट टू-टूचं वेगळं पिस्तूल घ्यावं?’ बोर म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंच. किट म्हणजे काय, तर पिस्तुलाचा वरचा मजला. स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग), नळी, स्प्रिंग आणि वेगळं मॅगझिन. खालचा मजला, म्हणजे फ्रेम, मूठ आणि ट्रिगर, तुमचा आहे तोच राहतो. वरचा मजला उतरवायचा, हा चढवायचा, आणि महागाच्या काडतुसाऐवजी छोटं, स्वस्त काडतूस उडवायचं. ऐकायला झकास वाटतं.

इथे एनसीसी केलेले किती जण आहेत? हात वर करा. बघा, निम्मा मांडव. तुमच्यातल्या जुन्या मंडळींनी जी पॉइंट टू-टू रायफल चालवली, ती बहुधा नंबर टू मार्क फोर असणार. दिसायला थेट थ्री-नॉट-थ्री, आणि होतीही तीच. थ्री-नॉट-थ्रीच्या सांगाड्यात पॉइंट टू-टूची नळी. मॅगझिनची पेटी नावापुरती, एकेक काडतूस हातानं भरायचं. म्हणजे कन्व्हर्जन आपण सगळ्यांनी वयाच्या पंधराव्या वर्षीच चालवलंय, फक्त कुणी तसं सांगितलं नाही. आणि ती रायफल कधी अडकत नसे. का नसे? कारण बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागे-पुढे तुमचा हात करत होता. काडतुसाचं काम एकच, गोळी पुढे ढकलणं.

सेल्फ-लोडिंग पिस्तुलात मात्र तेच काम काडतुसाच्या गळ्यात पडतं. गोळी पुढे जाते, त्याच धक्क्यानं स्लाइड मागे जाते, रिकामं खोकं बाहेर फेकते, स्प्रिंग दाबते आणि परत येताना नवं काडतूस नळीत सारते. आता हिशेब करा. पॉइंट टू-टू लाँग रायफल (हे काडतुसाचं नाव, बंदुकीचं नव्हे), त्याची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. मोठ्या पिस्तुलातल्या नाइन एमएमची गोळी साधारण ८ ग्रॅमची, आणि वेगही तिचाच जास्त. धक्का धरायचा तर छोटीकडे चौथा हिस्सासुद्धा जेमतेम. नाइन एमएमची पोलादी स्लाइड तिच्या अंगावर टाकलीत तर बैलगाडीला शेळी जुंपल्यासारखं होईल. शेळीचा दोष नाही. गाडी तिची नाही.

किट बनवणाऱ्यांची सगळी हुशारी याच एका अडचणीवर खर्च झाली आहे. पहिली युक्ती सरळ: गाडी हलकी करा. स्लाइड ॲल्युमिनियमची करा, नळी पक्की ठेवा, नळी आणि स्लाइड जखडून ठेवणारं कुलूप काढून टाका. दुसरी युक्ती जास्त मजेची आहे. कोल्ट कंपनीनं १९३१ मध्ये आपल्या पंचेचाळीस बोरच्या मोठ्या पिस्तुलाचं पॉइंट टू-टू भावंड काढलं, नाव ‘एस’. सराव स्वस्त, पण हाताला धक्काच लागेना, मग शिपायाला मोठ्या पिस्तुलाची सवय कशी व्हायची? तेव्हा विल्यम्स नावाच्या गृहस्थानं, ज्यानं तुरुंगात असताना बंदुकांच्या यंत्रणा डोक्यात रचल्या होत्या, तरंगता चेंबर काढला. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीमागची खोली, नळीपासून सुटा. वायूचा दाब त्याच्याही तोंडावर पडतो, तो दट्ट्यासारखा मागे येऊन स्लाइडला लाथ मारतो. शेळीला बैलाचं बळ. १९३७ मध्ये हे पिस्तूल आलं आणि त्या पाठोपाठ जुन्या पिस्तुलावर चढवायचं किटही. पण हा चेंबर साफ ठेवणं म्हणजे जिवाला ताप. पॉइंट टू-टूची गोळी बहुधा उघड्या शिशाची, वर मेणाचा लेप. शिसं, मेण आणि काजळी त्या सुट्या तुकड्यात जाऊन बसते आणि तो तरंगायचा थांबतो. मोटारीचा कार्ब्युरेटर साफ केलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

तिसरी युक्ती मी अमेरिकेत, ओहायोत पाहिली. हो, तुमच्यासारखाच मीही मुलाकडे नातवंडं सांभाळायला सहा महिने गेलो होतो. शेजारचा माणूस शनिवारी रेंजवर न्यायचा. त्याच्याकडे झेक बनावटीचं सीझेड ७५ पिस्तूल आणि त्यावरचं कॅडेट किट. मी सवयीनं ते आधी उघडून बसलो, तो बिचारा हसत राहिला. त्यात वरच्या मजल्याचा पुढचा सगळा भाग नळीसकट स्थिर असतो, मागचा एक छोटासा बोल्ट तेवढा हलतो. नेमाच्या खुणाही त्याच वरच्या मजल्यावर, समायोजित करता येणाऱ्या. नळी आणि नेम एकमेकांपासून हलतच नाहीत. त्या दुपारी एकही काडतूस अडकलं नाही.

मग त्यानं दुसरी पेटी उघडली आणि रुगर कंपनीचं पिस्तूल काढलं. १९४९ पासून चालत आलेल्या घराण्यातलं, जन्मापासून पॉइंट टू-टूचं. तेही उघडलं. आत काय? स्थिर नळी, स्थिर नेम, आणि मधे हलणारा एक छोटा बोल्ट. म्हणजे उत्तम किट ज्या ठिकाणी पोचायला इतकी खटपट करतं, तिथे साधं पिस्तूल पहिल्या दिवसापासून बसलेलं असतं. (जुनी रुगरं उघडायला सोपी, पुन्हा जोडायला मात्र महाकठीण. २०१६ च्या मॉडेलपासून एका बटणात उघडतात. मला जुनं मिळालं होतं. तास गेला. शेजाऱ्याच्या बायकोनं दोनदा कॉफी आणून दिली.)

मग किट घ्यायचंच कशाला? कारण खालचा मजला तुमचा असतो. ट्रिगर तोच, मुठीचा कोन तोच, सेफ्टी तिथेच. ज्या शिपायाला, पोलिसाला किंवा तिकडच्या स्पर्धकाला शेवटी तेच मोठं पिस्तूल चालवायचंय, त्याचं बोट त्याच ट्रिगरवर हजारो वेळा जायला हवं. ती ओळख दुसऱ्या पिस्तुलावर होत नाही. धक्क्याची सवय मात्र किट देत नाही, तिच्यासाठी मोठी काडतुसं उडवावीच लागतात.

खेळाचा हिशेब वेगळा. आपल्या पोरांना २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळायचंय. तिथे ट्रिगर १,००० ग्रॅमचं वजन टांगलं तरी न सुटणारा हवा, पिस्तुलाचं वजन १,४०० ग्रॅमच्या आत, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, आणि सगळं मिळून ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसायला हवं. रॅपिडच्या भागात लक्ष्य तीन सेकंद दिसतं, त्यात हात ४५ अंशांवरून उचलून एक गोळी. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. त्या तीन सेकंदांत ट्रिगर किती स्वच्छ सुटतो यावर सगळं असतं. सैनिकी पिस्तुलाचा ट्रिगर दुप्पट-अडीचपट जड, आणि तो फ्रेममध्ये आहे, म्हणजे किट बदलून सुधारत नाही. खेळणाऱ्याला किटचा उपयोग नाही, हे मी बिनदिक्कत सांगतो.

खेळात एक उलटं कन्व्हर्जन मात्र शोभतं. वाल्थर कंपनीचं जीएसपी पिस्तूल घ्या. मूळ पिस्तूल पॉइंट टू-टूचं, त्यावर थर्टी-टूचा संच चढतो, सेंटरफायरच्या, म्हणजे बुडाच्या मधोमध पेटणाऱ्या काडतुसाच्या, स्पर्धेसाठी. मूठ तीच, हाताचा बसलेला घाट तोच. थर्टी-टूचं स्पर्धेचं काडतूस सौम्य असतं, दोन्ही काडतुसांत बैल-शेळीइतकं अंतर नाही. म्हणून ते जमतं. दोहाला २००६ च्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणानं सेंटरफायरमध्ये ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली, तो हाच प्रकार.

काडतुसाबद्दल दोन शब्द, कारण खरा पैसा आणि खरी भांडणं तिथेच. पॉइंट टू-टू हे रिमफायर काडतूस, म्हणजे पेटवायचा मसाला खोक्याच्या कडेत. पिन कडेवर आपटते आणि कड चेपून ठिणगी पडते. या रचनेचं पहिलं अमेरिकी काडतूस १८५७ चं, आणि आजचं लाँग रायफल १८८७ चं. स्वस्त आहे, पण खोकं पुन्हा भरता येत नाही, आणि कडेतला मसाला कुठे कमी पडला तर काडतूस फुसकं. किटांना बहुधा हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाचं, काडतूस लागतं, स्लाइड ढकलायला जोर हवा ना. स्पर्धेच्या पिस्तुलाला उलट स्टँडर्ड व्हेलॉसिटी, शांत काडतूस. एका क्लबात एका काकांनी प्रेमानं एका पोराला आपली जोरकस काडतुसं दिली. आठवडाभरात त्याच्या स्पर्धेच्या पिस्तुलाचा बफर, म्हणजे बोल्टचा मार झेलणारा तुकडा, चेचला गेला. काका म्हणाले, पॉइंट टू-टू ते पॉइंट टू-टू, फरक काय? फरक दुरुस्तीच्या बिलात होता.

आणि रिकामा चाप ओढत बसू नका. रिमफायरची पिन, खोकं नसेल तर चेंबरच्या काठावर आपटू शकते आणि तिथे खाच पडते. सेंटरफायरची सवय असलेला माणूस किट चढवल्यावर हेच विसरतो. काही नव्या पिस्तुलांना चालतं, पण आपलं चालतं की नाही हे माहितीपुस्तकात बघून मगच.

कायद्याचं थोडक्यात, कारण घोटाळा इथेच होतो. नाइन एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोर आहे. म्हणजे इंटरनेटवर तुम्ही ज्या किटांचे व्हिडिओ बघता, त्यातल्या बऱ्याचशांचं मूळ पिस्तूलच इथे सामान्य माणसाकडे असणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आली, खेळाडूंना वेगळी सवलत आहे. त्यावर कुणीतरी शहाणपणा सांगतो, किट घ्या, मोजणीत एकच राहील. असं कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. शस्त्र कायद्यात हत्याराचे सुटे भागही हत्यारातच येतात, आणि एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारात बदलणं परवान्याशिवाय चालत नाही. परवाना कार्यालयात लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

(श्रोत्यांतून प्रश्न: माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला कुठलं पॉइंट टू-टू घ्यावं?)

कुठलंच नाही, ताई. एकवीस वर्षांखाली परवाना नाही. क्लबात देखरेखीखाली शिकता येतं, पण सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलानं करा. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन बोर आणि २० जूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त, घरातल्या भिंतीसमोर रिकाम्या पिस्तुलानंही हात धरायचा सराव होतो. ट्रिगर ५०० ग्रॅमचा असतो, तो समजला की पॉइंट टू-टूचा हजाराचा आपोआप समजतो. क्लबचंच पिस्तूल वर्षभर वापरा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

(पुन्हा प्रश्न: पण क्लबच्या पिस्तुलाची मूठ तिच्या हातात मोठी होते.)

होणारच. स्पर्धेची मूठ लाकडी असते, तळहाताच्या खाचांप्रमाणे कोरलेली, आणि मापात येते. लहान माप मागवा, क्लबला विचारून बसवा. जिथे पोकळी राहील तिथे लाकडाची पुट्टी भरायची, जिथे टोचेल तिथे घासायचं, थोडं थोडं, रोज नाही. दोन वर्षांत हात वाढला की पुन्हा करावं लागेल. मूठ घासायची वेळ आली की रविवारी घरी घेऊन या, पोरीलाही आणा, माप तिच्या हाताचं घ्यायचंय. कानस माझ्याकडे आहे.